लांकडाची उशी

गेल्या महिन्यांत सिंगापुरास नोकरीवर असलेला माझा पुतण्या चार दिवस घरीं आला. मुलांना खाऊ, बायकांना कापडचोपड असें वांटून झाल्यावर त्यानें पेटीच्या तळांतून कागदांत गुंडाळलेली एक लांकडी वस्तु काढून माझ्यापुढें ठेवली. वस्तु वीत-दीड वीत लांब, काळसर तांबूस रंगाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. मिटली म्हणजे नुसती जाड फळी. उघडली म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकून कात्रीसारख्या उभ्या राहतात आणि माथ्यावर एक उथळ खळगा तयार होतो. सांध्यांत खिळा नाहीं कीं बिजागरी नाहीं. एकाच लांकडांतून दोन्ही फळ्या कोरून काढलेल्या.

ही वस्तु कशाची, यावर घरांत अर्धा तास वाद झाला. धाकट्या नातवानें तिला बाहुलीचें स्टूल ठरविलें. सूनबाईंना ती ताटाखालची अडणी वाटली. आमच्या थोरल्या काकू आतां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं ती हातांत घेतली, उघडून-मिटून पाहिली आणि निकाल दिला, "ही पोथीची ठवणी. आपल्या देवघरांत अगदीं अश्शी होती." खरें सांगावयाचें तर माझाही तर्क तोच होता. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, ही उशी आहे. जुनी चिनी उशी. डोक्याखालीं घ्यायची." उशीला दोऱ्यानें दुकानदाराची एक चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर काय लिहिलें होतें तें योग्य ठिकाणीं सांगेन.

जन्मभर मुलांना "करून पाहा" म्हणून सांगत आलेल्या मनुष्यानें स्वतः करून पाहिल्यावांचून लिहिणें बरें नव्हे. त्याच दुपारीं मी ती उशाला घेऊन आडवा झालों. पांच मिनिटांत डोक्याच्या मागच्या हाडाला रग लागली, दहाव्या मिनिटाला डोकें एका अंगास कलंडलें, आणि संध्याकाळीं मानेला तेल चोळून घ्यावें लागलें. चूक उशीची नव्हती, माझी होती. आपण उशीवर डोकें ठेवतों. या उशीवर मान ठेवावयाची असते. कवटी जेथें संपते तेथल्या खळग्यांत उशीचा माथा बसला पाहिजे. दुसऱ्या दिवशीं तशी घेतली, तेव्हां पंधरा मिनिटें सुखानें गेलीं. मानेखालून वारा खेळतो, हा तिचा गुण तेवढ्या वेळांतही कळला.

यानंतर चिनी उशीविषयीं जें जें वाचावयास मिळालें तें वाचलें. त्यांतील निवडक भाग वाचकांस या खेपेस सादर करीत आहें.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आपला 'उशी' हा शब्द संस्कृत 'उच्छीर्षक' या शब्दावरून आला. ज्याच्या योगानें शिर उंच होतें तें उच्छीर्षक. म्हणजे उशी काय काम करते हें आपला शब्द सांगतो. चिनी भाषेंत उशीसाठीं जें अक्षर लिहितात, त्याच्या डाव्या अंगास 'झाड' किंवा 'लांकूड' या अर्थाची खूण असते. म्हणजे ती कशाची करीत, हें तो शब्द सांगतो. अक्षर पडलें त्या काळीं त्या लोकांच्या डोळ्यांपुढें कापसाची पिशवी नसून लांकडाचा ठोकळा होता, हें एवढ्यावरून दिसतें.

यावरून चिनी लोकांस मऊ उशी ठाऊकच नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. हूनान प्रांतांत मावांगदुई येथें इ. स. १९७२ मध्यें एका उमराव स्त्रीचें थडगें उघडलें. तें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील होतें. त्यांत भरतकाम केलेली रेशमी उशी निघाली, आणि तिच्यांत सुगंधी वनस्पति भरलेली होती. तेव्हां कठीण उशी घेणें हें दारिद्र्याचें लक्षण नव्हे. उलट, ऐपतीप्रमाणें ती अधिकच कठीण होत जाई. त्याच शतकांतला लिऊ शंग नांवाचा राजपुत्र इसवी सनापूर्वीं ११३ मध्यें वारला. त्याच्या डोक्याखालीं सोन्याचा मुलामा दिलेली व हरिताश्म बसविलेली तांब्याच्या मिश्रधातूची उशी ठेवलेली होती. पुढें स्वी राजवंशाच्या काळीं (५८१–६१८) भाजलेल्या मातीच्या, वर कांचेप्रमाणें तुळतुळीत लेप दिलेल्या उशा होऊं लागल्या. थांग व सुंग राजवंशांच्या अमलांत त्या घरोघर पोंचल्या. उत्तरेकडील त्सचौच्या भट्ट्यांतील पांढऱ्या उशांवर काळ्या-तपकिरी रंगांत फुलें, पक्षी, खेळणारीं मुलें, क्वचित् सुभाषितेंही काढलेलीं असत, आणि कांहींच्या बुडाशीं त्या करणाऱ्या घराण्याचा शिक्काही असे. बीजिंगच्या राजवाड्यांतील संग्रहालयांत अशी एक पांढरी उशी आहे. ती म्हणजे पालथें निजलेलें एक गुटगुटीत मूल असून त्याची पाठ हीच उशी आहे.

लांकूड व बांबू कुजतात, माती कुजत नाहीं. म्हणून संग्रहालयांत मातीच्या उशा अधिक दिसतात, परंतु सामान्य माणसाच्या मानेखालीं अधिक करून लांकूड किंवा बांबूच असे. मिटणारी उशी प्रवाशाच्या सोयीची. पोकळ पेटीसारखी उशी व्यापाऱ्याच्या व गृहिणीच्या सोयीची. पेटीवजा उशीला दार किंवा खण असे आणि आंत दस्तऐवज, पैसे, दागिने ठेवीत. चोरानें तिला हात घालावयाचा तर आधीं मालकाचें डोकें उचलावें लागे.

पण मुळांत कठीण उशी हवी कशाला? याचीं कारणें साधीं आहेत. दक्षिण चीनचा उन्हाळा आपल्या कोंकणासारखा घामट असतो. कापडाची उशी घामानें ओली होते, वास मारते. माती व बांबू गार राहतात. दुसरें कारण आमच्या वाचक-भगिनींस चटकन् पटेल. केंसांना तेल-गोंद लावून, पिना खोंचून दोन-दोन तास बांधलेला अंबाडा रोज रात्रीं मोडावयाचा व सकाळीं पुन्हां बांधावयाचा, हें कोणास परवडेल? मान टेंकविली आणि डोकें मोकळें राहिलें, म्हणजे अंबाडा चार दिवस टिकतो. जपानी स्त्रियाही याच कारणासाठीं उंच लांकडी उशी घेत. मिसर देशांत इ. स. १९२२ मध्यें तूतनखामेन राजाचें थडगें सांपडलें, त्यांतही अशा मानेखालच्या बैठका होत्या. तिसरें कारण समजुतीचें. गार, कठीण उशीनें डोळे निवळतात आणि म्हातारपणींही बारीक अक्षर वाचतां येतें, अशी त्या लोकांची श्रद्धा होती.

एकदां उशीपाशीं श्रद्धा आली म्हणजे ती तेवढ्यावर थांबत नाहीं. थांग काळांत वेइ नांवाची एक सम्राज्ञी होऊन गेली. तिच्या धाकट्या बहिणीनें तीन उशा करविल्या असें इतिहासांत नमूद आहे. चित्त्याच्या तोंडाची उशी अमंगळ टळावें म्हणून, दुसरी एका काल्पनिक पशूची भुतांना दूर ठेवण्यासाठीं, आणि तिसरी बसलेल्या अस्वलाची, मुलगा व्हावा म्हणून! इ. स. १०२० च्या सुमारास सिद्ध झालेल्या एका ताओपंथी संग्रहांत औषधी उशीची कृति दिलेली आहे. तिची पेटी सायप्रस वृक्षाच्या लांकडाची, झांकणाला १२० बारीक छिद्रें, आंत ३२ औषधें. त्यांतील २४ वर्षाच्या चोवीस पर्वांसाठीं आणि ८ आठ दिशांच्या वाऱ्यांसाठीं. औषधाचा गंध रात्रभर छिद्रांतून वर येई. ही कृति हान सम्राट् वू यास थाइशान् पर्वताच्या पायथ्याशीं भेटलेल्या एका म्हाताऱ्यानें सांगितली, असें तेथें लिहिलें आहे. औषधें किती लागू पडत तें वैद्य सांगोत. परंतु रात्रीचा तिसरा हिस्साही फुकट जाऊं नये ही त्यामागची दृष्टि लक्षांत घेण्यासारखी आहे.

उशीच्या पोटांत संसारही मावतो, असें सांगणारी एक गोष्ट चीनमध्यें लहानथोरांच्या तोंडीं आहे. ती शन चीजी या लेखकानें आठव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. लू नांवाचा एक असंतुष्ट तरुण हानतानच्या वाटेवरील धर्मशाळेंत उतरतो. खानावळवाला चुलीवर भरडधान्य शिजत ठेवीत असतो. तेथें भेटलेला एक वृद्ध योगी त्याला दोन्ही टोंकांस भोकें असलेली मातीची उशी देतो. तरुण डोकें टेंकतो तों भोक मोठें होतें आणि तो आंत शिरतो. श्रीमंत घराण्यांतील बायको, परीक्षेंतील यश, मंत्रिपद, शत्रूंचे कट, तुरुंग, पुन्हां वैभव, मुलें, नातवंडें आणि शेवटीं मृत्यु, असें सगळें आयुष्य तो भोगतो आणि जागा होतो. चुलीवरचें धान्य अद्याप शिजलेलेंही नसतें. नारद पाणी आणावयास गेले आणि संसारांत गुंतले, ती आपली कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा योगी परका वाटणार नाहीं.

संस्कृत वाचलेल्या मनुष्याला कठीण उशी म्हटली कीं भीष्म आठवतात. शरपंजरीं पडलेल्या पितामहांचें मस्तक मागें लोंबूं लागलें, तेव्हां राजांनीं धांवत जाऊन मऊ मऊ उशा आणल्या. त्या त्यांनीं परत केल्या आणि अर्जुनाकडे पाहिलें. अर्जुनानें तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार दिला. वीराला त्याच्या शय्येस साजेल अशीच उशी पाहिजे, हा त्यांतला अभिप्राय. चीनमध्यें हाच विचार विद्वानांच्या अभ्यासिकेंत पाहावयास मिळतो, आणि मला ही सगळी माहिती वाचतांना सर्वांत आवडलें तें हेंच.

वूयुए राज्याचा संस्थापक छ्यान् ल्यू (८५२–९३२) तरुणपणापासून लष्करांत वाढलेला होता. रात्रीं फारच थकला म्हणजे तो एका गोल ओंडक्यावर, नाहीं तर मोठ्या घंटेवर डोकें टेंकून पडे. झोंप गाढ झाली कीं ओंडका कलंडे आणि तो जागा होई. या उशीला त्यानें 'सावध करणारी उशी' असें नांव दिलें होतें. त्याच्या शेजघरांत भुकटी पसरलेलें एक तबक असे. रात्रीं कांहीं आठवलें कीं तो त्यांत लिहून ठेवी. आमच्या वाडवडिलांनीं ज्या धूळपाटीवर श्री काढला, तिचीच ही बहीण!

ही हकीकत ज्या ग्रंथांत आहे त्याचा कर्ता सिमा ग्वांग (१०१९–१०८६) हा चीनमधील श्रेष्ठ इतिहासकार. १३६२ वर्षांचा इतिहास २९४ भागांत लिहून त्यानें इ. स. १०८४ मध्यें तो सम्राटास अर्पण केला. या कामीं एकोणीस वर्षें गेलीं. आणि हा इतिहासकार स्वतःही गोल लांकडाचीच उशी घेत असे. जरा डोळा लागला कीं उशी घरंगळे, डोकें आपटे, आणि म्हातारा उठून दिवा पुढें ओढून पुन्हां वाचावयास बसे. विद्यार्थ्याच्या पांच लक्षणांत आपल्याकडे श्वाननिद्रा सांगितली आहे. ती वर्गांत शिकवितांना मुलें हंसत. सिमा ग्वांगची उशी मला तेव्हां ठाऊक असती तर तीच दाखविली असती.

येथवर वाचकांस सुख वाटलें असेल. आतां ती चिठ्ठी. तिच्यावर इंग्रजींत दोनच शब्द होते. मराठींत त्यांचा अर्थ 'अफूची उशी'.

जुन्या वस्तूंचे दुकानदार गिऱ्हाइकाचें कुतूहल वाढविण्यासाठीं कोणत्याही चिनी उशीला हें नांव देतात. आमच्या उशीवर कोणाची मान टेंकली होती हें तिच्यावरून सांगतां येणें शक्य नाहीं. प्रवासी असेल, शेतकरी असेल. परंतु चिठ्ठींतला शब्द अगदींच निराधार नव्हे. अफू ओढणें हें बसून करावयाचें काम नव्हे. अफूची गोळी सुईच्या टोंकावर धरून दिव्यावर शेंकतात, ती लांब नळीच्या बोंडावरील बारीक भोकाशीं बसवितात, आणि बोंड दिव्याच्या ज्योतीवर कलतें धरून वाफ आंत ओढतात. अफू जाळावयाची नसते, तिची वाफ करावयाची असते. त्यासाठीं नळी स्थिर पाहिजे, दोन्ही हात गुंतलेले आणि तोंड दिव्याच्या उंचीला. म्हणून ओढणारा कुशीवर पडतो, आणि डोकें नेमक्या उंचीवर राहावें म्हणून त्याला कठीण उशी लागते. जी वस्तु हजार वर्षें घराघरांत होती तीच या कामीं आली. सिमा ग्वांगला उठविणारी उशी एकोणिसाव्या शतकांत लाखों माणसांना निजविण्यासाठीं वापरली गेली.

ही अफू आली कोठून? चीनच्या बादशहानें इ. स. १७२९ मध्येंच ओढण्याच्या अफूची विक्री बंद केली होती. तरीही ती चोरून येत राहिली, आणि ती मुख्यतः आपल्या देशांतून गेली. बिहार व काशीकडील अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याची. ती कलकत्त्याहून जाई. माळव्याची अफू संस्थानी मुलुखांतील शेतकरी पिकवीत आणि देशी व्यापारी ती दमणास व मुंबईस आणीत. मुंबई बंदराचें त्या शतकांतील वैभव कापसाचें होतें तसेंच या पेट्यांचेंही होतें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनीं चीनच्या व्यापारांत जो पैसा मिळविला त्यांत अफूचा वांटा मोठा होता. त्याच पैशांतून मुंबईस रुग्णालय व कलाशाळा उभी राहिली, हेंही तितकेंच खरें. ज्या रुग्णालयांत आपले आप्त बरे होऊन घरीं आले, त्याच्या पायाखालीं काय आहे तें जाणून घेण्यांत कृतघ्नता नाहीं.

इ. स. १८३९ च्या जून महिन्यांत लिन त्सश्यू या चिनी अधिकाऱ्यानें इंग्रज व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या वीस हजारांहून अधिक पेट्या हूमन येथें मीठ व चुना घालून पाण्यांत नासविल्या आणि समुद्रांत सोडून दिल्या. त्यावरून युद्ध पेटलें. इ. स. १८४२ च्या तहानें हाँगकाँग इंग्रजांस मिळालें. इ. स. १८५६ ते १८६० या काळांत दुसरें युद्ध झालें आणि अफूची आयात कायदेशीर ठरली. पुढें चीनमध्येंच अफू मोठ्या प्रमाणावर पिकूं लागली. आपल्याकडे या व्यापाराविरुद्ध बोलणारे होते. दादाभाई नौरोजींनीं त्याचा निषेध केला. रवींद्रनाथ ठाकुरांनीं विशीच्या सुमारास, इ. स. १८८१ मध्यें, 'भारती' मासिकांत त्यावर लेख लिहून त्याला मरणाचा धंदा म्हटलें. इ. स. १९०७ मध्यें दोन सरकारांत करार होऊन निर्यात टप्प्याटप्प्यानें कमी झाली आणि १९१३ मध्यें ती थांबली.

एवढें लिहून झाल्यावर, नेहमींच्या परिपाठाप्रमाणें, मीं लेख घरांत वाचून दाखविला. अफूचा भाग संपला तेव्हां मुलें गप्प होतीं. सूनबाई म्हणाल्या, "मग ही घरांत ठेवायची कशाला?" कोणीं उत्तर देण्याआधीं काकू बोलल्या. त्या सहसा मध्यें बोलत नाहींत.

"अरे, चीनचें कशाला सांगतोस? माझ्या पाठची बहीण अफूनेंच गेली." काकू तेव्हां पांच वर्षांच्या होत्या. घरीं श्राद्ध होतें, सोवळ्याचा स्वयंपाक, आणि सहा महिन्यांची मुलगी रडत होती. मोहरीएवढी अफू दुधांत कालवून मुलाला निजविणें ही त्या वेळीं बऱ्याच घरांत रीतच होती. डबी स्वयंपाकघरांतल्या कोनाड्यांतच असे. त्या दिवशीं कोणाच्या तरी हातून मोहरीचा मूग झाला. ब्राह्मण जेवून उठले तरी मूल उठलें नाहीं. "आईनें मग कोनाडा लिंपून बुजवला," काकू म्हणाल्या, "पण आमच्यांत त्याबद्दल कोणी बोललं नाही. मीसुद्धां आज पहिल्यांदा बोलत्येय."

घरांत कांहीं वेळ कोणी हाललें नाहीं. काकूंच्या तोंडून त्या बहिणीचें नांवही मीं उभ्या जन्मांत ऐकलें नव्हतें. विचारलें, तर म्हणाल्या, "बारसं झालं होतं. नांव कृष्णा."

मुंबईच्या धक्क्यावरून गेलेल्या पेट्या आणि आमच्या कोनाड्यांतील डबी यांचा हिशेब मीं मनांत मांडून पाहिला. पेट्या भरणाऱ्यांस चीनमधील निजलेलीं माणसें दिसत नव्हतीं. कृष्णाच्या आईस तिचें मूल दिसत होतें, तिच्या मनांत प्रेमाखेरीज कांहीं नव्हतें, आणि तरीही मूल उठलें नाहीं. दुसऱ्याला आपल्या सोयीसाठीं निजविण्याचा मोह जेथें आला तेथें हाताचा अंदाज चुकावयास वेळ लागत नाहीं, एवढेंच मला दोहोंतून कळलें. आज डबी नाहीं. रडणाऱ्या मुलापुढें दुसरें कांहीं तरी धरलें जातें, आणि घर शांत झालें म्हणून आपण समाधान मानतों. तें काय, हें वाचकांनीं आपापल्या घरांत पाहावें.

शेवटीं उशीचें काय करावयाचें, हा प्रश्न राहिलाच होता. सूनबाईंनीं ती माळ्यावर टाकण्यासाठीं उचलली. काकूंनीं हात पुढें करून ती घेतली, उघडली आणि माझ्या लिहिण्याच्या मेजावर उभी केली.

"हिच्यावर पोथी नको," त्या म्हणाल्या. "पण माळ्यावरही नको. समोर असूं दे."

ती माझ्यासमोर आहे.